दुधाच्या दातांच्या तारखा

सकाळी सात

मे महिन्यातल्या चंद्रपुरात बाहेरची कामं नऊच्या आत उरकावी लागतात, म्हणून दवाखान्याआधी प्रसूतिगृह. चार दिवसांची मुलगी आहे आणि तिच्या खालच्या हिरडीत अगदी मधोमध एक दात आहे. घरच्यांनी 'काढून टाका' असा धोशा लावलाय, हे बालरोगतज्ज्ञांनी रात्रीच फोनवर सांगून ठेवलं होतं.

आजी दारातच गाठतात. "दात घेऊनच आली जी ही. असं चांगलं नसते म्हणतात." पलंगावरची आई काही बोलत नाही, नुसती माझ्या चेहऱ्याकडे बघते. अशा वेळी मी बाळाच्या आधी आईजवळ जाऊन बसते. बाळ दूध नीट ओढतं का, पाजताना तिला दुखतं का, मध्येच सोडून रडतं का, हे विचारून घेते. मग हात धुऊन, हातमोजा चढवून दाताला बोट लावते. तो किती हलतो यावर पुढचं सगळं ठरतं. लोंबकळत असेल तर निसटून श्वासनलिकेत जायची भीती, मग काढलेलाच बरा. पण काढायचा तर जन्मल्यावर व्हिटॅमिन केचं इंजेक्शन दिलंय ना, हे कागदावर बघूनच. त्याच्याशिवाय नवजात बाळाचं रक्त नीट गोठेल याचा भरवसा नसतो. हा दात जरासा हलतो, लोंबकळत मात्र नाही. जीभ उचलून खाली बघते. दाताच्या धारेवर घासून जिभेला तिथं जखम होते, तिला रिगा-फेडे म्हणतात. अजून तसं काही नाही. धार तेवढी घासून गुळगुळीत करते आणि दात ठेवायचा असं सांगते.

असे दात बहुतेक वेळा जादाचे नसतात. दुधाच्या वीसांपैकीच एक, मूळ नीट तयार व्हायच्या आधी वर आलेला. आज उपटला तर मुलगी सहा-सात वर्षांची होईपर्यंत ती जागा रिकामी राहणार. हे मी आजींना सांगते, आईला ऐकू जाईल अशा आवाजात, कारण घरी गेल्यावर शेजारपाजार प्रश्न विचारणार तो आजींनाच. यात अपशकुन काहीही नाही, हेही स्पष्ट शब्दांत सांगते. अंगावर पाजणं चालू ठेवा. दूध ओढताना बाळाची जीभ खालच्या हिरडीवर पुढे येते आणि दात तिच्याखाली झाकला जातो. आई पहिल्यांदा बोलते, "म्हणजे मी काही वावगं खाल्लं म्हणून नाही ना?" नाही.

शेजारच्या पलंगावरून हाक येते. "यालेबी दात येऊन राहिले का, बघा ना." हिरडीवर बारीक पांढरे दाणे आहेत. ते दात नाहीत, काही आठवड्यांत आपोआप जातील. बोटानं रगडू नका एवढंच सांगून निघते.

साडेनऊ

दवाखान्यात माझ्या टेबलाच्या काचेखाली एक तक्ता आहे. आडवे महिने, गर्भारपणाचे नऊ आणि बाळाचे पहिले बारा. उभे दुधाचे दात. कोणत्या दाताचं एनॅमल कधी घडायला लागतं आणि कधी पुरं होतं, ते त्यात रंगवलेलं आहे. समोरच्या पटाशीच्या दातांचं काम चौथ्या महिन्यात सुरू होतं आणि जन्मानंतर दोन-अडीच महिन्यांत आटोपतं. मागच्या, दुसऱ्या दाढेचं पाचव्या महिन्याच्या सुमाराला सुरू होऊन बाळ दहा-अकरा महिन्यांचं होईतो चालतं. शेजारी भिंतीवर जुनी कॅलेंडरं लटकतात. इकडच्या आयांना 'बाळ सात महिन्यांचं असताना काय झालं होतं' असं विचारलं तर आठवत नाही. 'पोळ्याच्या वेळी कसं होतं? संक्रांतीला रांगत होतं का?' असं विचारलं की सगळं आठवतं, तापापासून सलाइनपर्यंत.

हा तक्ता माझ्या कामाचा कणा आहे. एनॅमल घडवणाऱ्या पेशी काम संपल्यावर नाहीशा होतात. हाड मोडलं तर जुळतं, कातडी फाटली तर भरते, पण एनॅमलमध्ये राहिलेली उणीव भरायला नंतर कोणी उरत नाही. ओल्या मडक्यावर उमटलेलं बोट भट्टीतून निघाल्यावर पुसता येत नाही, तसं. त्यामुळेच ते वाचता येतं. व्रण दाताच्या टोकाशी आहे की हिरडीजवळ, एकाच दातावर आहे की त्या महिन्यांत घडत असलेल्या सगळ्यांवर, यावरून काळ ठरवता येतो. जन्माची तर स्वतंत्र रेघच असते. दुधाच्या प्रत्येक दातात, आणि जन्माच्या सुमाराला घडू लागणाऱ्या पहिल्या कायमच्या दाढेतही, ती सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. रेघेच्या एका बाजूला पोटातलं एनॅमल, दुसऱ्या बाजूला जगात आल्यावरचं.

तारीख लागली म्हणजे कारण सापडलंच असं होत नाही. खोटी कारणं मात्र गळून पडतात, आणि या कामात ती फार असतात. मुलाच्या दातात काही वेगळं दिसलं की घरात पहिलं बोट आईकडे वळतं. कॅल्शियमच्या गोळ्या खाल्ल्या नाहीत, उपास केले, पपई खाल्ली, ग्रहण पाळलं नाही. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच बायका दात दाखवायच्या आधी आपली बाजू मांडायला लागतात.

दहा

दोन वर्षांचा मुलगा, खुर्चीत बसायला तयार नाही. खुर्ची राहू दे. आई आणि मी समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसतो, मूल तिच्याकडे तोंड करून मांडीवर, आणि अलगद मागे झुकवलं की त्याचं डोकं माझ्या मांडीवर. त्याला आई दिसत राहते, मला तोंड दिसतं. रडलं तर तोंड आणखी चांगलं उघडतं.

मी मोठ्यानं मोजते. खालच्या ओळीत डावीकडे एक रुंद दात आहे, मधोमध खाच असलेला. जोडदात. आता मोजणी महत्त्वाची. हा एक धरून ओळीतला आकडा पुरा भरला, तर एकाच कळीनं दोन व्हायचा प्रयत्न केला. एक कमी पडला, तर शेजारच्या दोन कळ्या एकमेकींत मिसळल्या. इथं एक कमी आहे, सुळा आणि त्याच्या शेजारचा दात एक झालेत. आईचा प्रश्न नेहमीचाच, "दुधाचाच आहे ना, पडून जाईल?"

या एका समजुतीनं मुलांचं जितकं नुकसान होतं तितकं चॉकलेटनं होत नसेल. या जोडदाताच्या खाचेत अन्न अडकून कीड लागते, म्हणून ती आजच बुजवते. शिवाय दुधाचे दोन दात मिसळले असले तर खाली येणाऱ्या कायमच्या दातांपैकी एखादा मुळातच नसण्याची शक्यता बरीच असते. आणि जोडदात वेळेवर पडेलच असंही नाही. पाच वर्षांचा झाला की एक्सरे काढायचा, हे फाइलवर लाल शाईनं लिहिते आणि आईच्या फोनमध्येही टाकायला लावते.

साडेअकरा

चार वर्षांची मुलगी, बरोबर आई आणि सासूबाई. घास एकाच बाजूनं चावते, पाणी प्यालं की कळवळते. खालच्या दोन्ही दुसऱ्या दाढा खडूसारख्या, मधे पिवळट तपकिरी, एका कोपऱ्याचं एनॅमल निखळलेलं. पुढचे दात स्वच्छ, पांढरे. सासूबाई सांगून टाकतात, "हिनं पोटुशी असताना दूध घेतलं नाही. सांगून सांगून थकली मी."

मी तक्ता त्यांच्याकडे वळवते. घाईनं उरकायचा हा भाग नव्हे. पटाशीचे दात पोटात असतानाच बहुतेक पुरे होतात, ते बघा किती चांगले आहेत. गर्भारपणभर काही कमी पडत राहिलं असतं तर त्यांच्यावरही दिसलं असतं. बिघाड मागच्या दाढेत आहे, आणि त्या दाढेचं काम जन्मानंतर बरेच महिने चालू होतं. मग कॅलेंडर. मुलीचा जन्म भाद्रपदातला. होळीच्या आधी न्यूमोनिया झाला होता, आठवडाभर ॲडमिट होती, हे सासूबाईंनाच आठवतं. 'मीच तर झोपत होते तिच्याजवळ दवाखान्यात.' त्या तापानंच हे झालं असं मी छातीठोकपणे म्हणत नाही. अशा दाढांमागे एकच एक कारण सहसा सापडत नाही, ताप, जन्माच्या वेळची ओढाताण, अपुऱ्या दिवसांचा जन्म, बरंच काही असू शकतं. पण दुधाच्या पेल्याचा विषय तिथं संपतो. सून खाली बघत असते ती मान वर करते.

आता उपचार. अशा दाढेला चांदी किंवा सिमेंट भरलं तर कडेचं कच्चं एनॅमल तुटत राहतं आणि भरलेलं निघून येतं. तिला पूर्ण झाकणं बरं. स्टीलची तयार टोपी लहान मुलांच्या दाढांवर बसवायची पद्धत विल्यम हम्फ्री यांनी 1950 मध्ये मांडली. दात न कोरता, सुई न टोचता ती नुसती सिमेंटनं दाबून बसवायची रीत स्कॉटलंडमधल्या नोर्ना हॉल नावाच्या दंतवैद्य बाईंची. मी तीच वापरते. दाढांच्या फटीत रबराच्या बारीक कड्या घालून ठेवते. दोन-तीन दिवसांनी जागा झाली की टोपी. सुरुवातीला दात उंच लागतो, काही आठवड्यांत चावा आपोआप बसतो. मुलीला टोपी हातात देते, ती बोटावर घालून बघते.

निघताना आणखी एक सांगायचं असतं. दुधाची दुसरी दाढ अशी असली की सहाव्या वर्षी तिच्यामागे येणारी कायमची पहिली दाढही तशीच कच्ची निघण्याचा धोका जास्त असतो. दोघींच्या घडणीचे काही महिने सामाईक आहेत. ती दाढ हिरडीतून डोकावली की त्याच आठवड्यात या.

पाऊण वाजता

तीन वर्षांचा मुलगा, दुभंगलेला ओठ बाळपणीच शिवलेला. शिवणीखालच्या हिरडीत एक दात वाकडा, त्याच्या शेजारी खुंटीएवढा जादाचा. दुभंग जिथून जातो तिथं दाताची कळी कधी दुभागते, कधी हरवते. वाकड्यामागे कीड धरू लागलीय, तेवढी साफ करते. बरोबर आलेली आत्या हळूच सांगते की वहिनीनं पाचव्या महिन्यात ग्रहणात विळीवर भाजी चिरली होती.

गर्भाचा वरचा ओठ सहाव्या-सातव्या आठवड्यात जुळतो, टाळू बाराव्या आठवड्याच्या सुमाराला. पाचव्या महिन्यात या मुलाच्या ओठाचं जे व्हायचं ते कधीच होऊन गेलेलं होतं. आत्याला मी हे आकड्यांसकट सांगते, दोनदा सांगते, आणि घरी जाऊन वहिनीलाही याच शब्दांत सांगा म्हणते. दुसऱ्या महिन्यातल्या ग्रहणानंही असं काही होत नाही, हेही जोडते, नाहीतर उद्या कोणी महिना बदलून तोच दोष पुन्हा लावेल.

दुपारी

दीड ते पाच दवाखाना बंद. या उन्हात कोणी येत नाही, येऊही नये. डबा, कूलरसमोर थोडी झोप, मग सकाळच्या फायली.

पाच

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकानं अंगणवाडीतून पाठवलेल्या दोन बहिणी, पाच वर्षांची आणि दोनची. हा कार्यक्रम 2013 साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. अंगणवाड्या-शाळांमध्ये जाऊन मुलं तपासणारी ही पथकं नसती तर यांच्यातली कितीतरी मुलं दात दुखायला लागेपर्यंत कुणाला दिसलीच नसती.

मोठीच्या मागच्या दाढांवर दोन्ही बाजूंना सारख्या आडव्या पांढुरक्या रेघा. पाणी कुठलं? गावातला हातपंप. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या पट्ट्यात भूगर्भातल्या पाण्यात फ्लोराइड जास्त असल्याच्या जागा आहेत. दुधाच्या दातांवर त्याचा परिणाम सहसा कमी दिसतो, कारण त्यांचं बरंचसं एनॅमल पोटातच तयार झालेलं असतं. तरीही तो दिसतो आहे, म्हणजे त्या पंपाचं पाणी तपासायला हवं. लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरी सोयच नसेल तर दीडपर्यंत, असं आपलं मानक सांगतं.

मला काळजी धाकटीची वाटते. तिचे कायमचे पुढचे दात या घडीला जबड्यात घडताहेत. अक्कलदाढ सोडली तर कायमच्या दातांची एनॅमलं साधारण आठव्या वर्षापर्यंत पुरी होतात, म्हणजे तिच्यासाठी अजून वेळ आहे, आणि तो आत्ता आहे. बाप म्हणतो, "पाणी उकळून देऊ का?" उकळून फ्लोराइड जात नाही, पाणी आटतं आणि ते उलट दाट होतं. दुसरी विहीर, नळयोजना, पावसाचं साठवलेलं पाणी, जे मिळेल ते निदान या दोघींना प्यायला आणि त्यांच्या स्वयंपाकाला. ग्रामपंचायतीच्या नावानं पाण्याच्या नमुन्यासाठी चिठ्ठी लिहून देते.

सात

ऊन उतरल्यावरच घराबाहेर पडू शकणारा माझा एक पेशंट आहे. साडेतीन वर्षांचा. तोंडात वरती दोन दात, शंकूसारखे टोकदार, बाकी हिरड्या मोकळ्या. केस विरळ, कातडी कोरडी, डोळ्यांभोवती काळसर. त्याला घाम येत नाही. दर उन्हाळ्यात त्याला कडक ताप यायचा, रक्त तपासून काही निघायचं नाही. घामाच्या ग्रंथी नाहीत म्हणून अंग तापतं, हे कळायला दातांनी मदत केली. 'याला दात का येत नाहीत' म्हणून आई माझ्याकडे आली, आणि मोठ्या एक्सरेत जबड्यात कळ्याच नव्हत्या. कातडी, केस, घामाच्या ग्रंथी, दात हे सगळं गर्भाच्या एकाच बाहेरच्या थरातून उगवतं. त्या थराच्या घडणीत बिघाड आहे. एक्टोडर्मल डिस्प्लेजिया.

या मुलाची तारीख माझ्या तक्त्यावर बसत नाही. दुधाच्या दातांच्या कळ्या सहाव्या आठवड्यात रुजायला लागतात. याच्यात बहुतेक रुजल्याच नाहीत, आणि त्याचं मूळ त्याहीआधीचं, बीजातलंच. डार्विननं 1875 मध्ये आपल्या एका ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाची हकीकत दिली आहे. चार पिढ्यांत दहा पुरुष, तोंडात मोजकेच दात, अंगावर केस कमी, उन्हाळ्यात कातडीच्या कोरडेपणानं हैराण, आणि एकाही मुलीला हा त्रास नाही. मला ही नोंद नेहमी वाचावीशी वाटते. डोळे उघडे ठेवून घरातल्या माणसांना विचारलं, तर एवढं सगळं एक्सरे नसतानाही कळत होतं.

इथंही विचारल्यावर कळलं. आईचा एक वरचा दात लहान, खुंटीसारखा आहे. तिच्या भावाला तरुणपणीच जेमतेम चार-पाच दात होते. "माझ्याकडूनच गेलं ना मग याला?" तिनं पहिल्या भेटीत विचारलं होतं. हो, जनुक तुमच्याकडून आलं, तुम्हाला तुमच्या आईकडून. तिनं ते निवडलं नव्हतं, तुम्हीही नाही. पुढच्या बाळाच्या वेळी आधी सल्ला घ्या, कारण प्रत्येक मुलग्याच्या बाबतीत ही शक्यता निम्मी असते. हे सांगायलाच हवं, पण 'दोष' हा शब्द माझ्या दवाखान्यात वापरू नका.

आज त्याची कवळी बसवायची आहे. दात नाहीत तिथं हिरडीचं हाडही वाढत नाही, ते अरुंद आणि बसकं राहतं, त्यामुळे माप घेणं अवघड. मागच्या आठवड्यात अल्जिनेटचा गोळा त्याच्या हातात देऊन आधी खेळू दिलं, मग तोंडात. आज खालची कवळी दोन ठिकाणी टोचते. घासते, पुन्हा बसवते, आणखी थोडी घासते. वरची त्या दोन दातांना धरून चांगली बसली. आरशात बघून तो ओठ मिटतो, पुन्हा उघडतो. आईनं आणलेला पोळीचा तुकडा तोंडात घालतो आणि चावतो. हळू, एका बाजूनं, मग दोन्ही बाजूंनी. तो चावताना आम्ही तिघींनी, आई, मी आणि दवाखान्यातल्या मावशींनी, काम थांबवून बघितलं. मला लपवायचं नाही, मला फार आनंद झाला.

मग सूचना. रात्री काढून पाण्यात ठेवायची. जबडा वाढेल तशी दर वर्ष-दोन वर्षांनी नवी करावी लागेल. दुपारी बाहेर न्यायचं नाही, न्यावंच लागलं तर बंडी भिजवून घालायची. ताप आला तर आधी अंग ओलं करायचं आणि दवाखाना गाठायचा, आणि तिथल्या डॉक्टरांना हे पत्र दाखवायचं. पत्र मी मराठीत आणि इंग्रजीत, दोन्ही लिहून दिलंय.

साडेआठ

मावशी उपकरणं ऑटोक्लेव्हमध्ये लावतात, मी उद्याची यादी बघते. फोन वाजतो. त्या मुलाचा मामा. तालुक्याला घड्याळं दुरुस्त करतो. शेतात उन्हात उभं राहवत नव्हतं म्हणून धंदा बदलला आणि घरच्यांनी कामचुकार म्हणून हिणवलं, हे त्याच्या बहिणीनं मला सांगितलेलं.

"पोरगं पोळी खाऊन राहिलं म्हणते ताई. मॅडम, माझं वय अडतीस आहे. मलेबी काही होईल का?"

होईल. मुलाच्या जबड्याची वाढ चालू आहे म्हणून त्याला कवळीच. मामाची वाढ संपलीय, हाड किती आहे ते स्कॅनमध्ये बघून इम्प्लांटचाही विचार करता येईल. त्यासाठी नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात पाठवेन, चिठ्ठी माझी. तोवर इथंच चांगली कवळी करू. तो खर्च विचारतो, मी सांगते. मग विचारतो की लहानपणी दर उन्हाळ्यात ताप यायचा, तोही यामुळेच का. बहुधा हो, असं मी म्हणते. पलीकडे तो कुणाला तरी मोठ्यानं सांगतो, "आई, ऐकलं का, घाम येत नाही म्हणून होतं ते सगळं."

त्याला परवा सकाळी आठची वेळ दिली, पहिल्या बसनं येऊन उन्हाच्या आत परतता येईल अशी. जुना एखादा एक्सरे असेल तर आणा, आणि पंचा भिजवून जवळ ठेवा.